शब्द सगळे कळले, मग गोष्ट का नाही कळली?

पत्राचा सारांश : हे पत्र ठाण्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं आहे. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं. घरात मराठी बोलली जाते, पण वाचली जात नाही. वर्षभरापूर्वी त्यांनी मराठी कथा वाचायला घेतल्या आणि वाचनालयातल्या वाचनगटात जायला लागल्या. अडलेला प्रत्येक शब्द त्या अर्थासह वहीत उतरवतात. गेल्या बैठकीत एक ग्रामीण कथा चर्चेला होती. निवृत्त शाळामास्तर असलेला थोरला भाऊ, वाटणीनंतर गाव सोडून गेलेल्या धाकट्या भावाबद्दल सांगतो आहे. ‘मी त्याला काही कमी केलं नाही’ हे त्याचं पालुपद. वाचून यांना मास्तरांची दया आली. गटातले एक ज्येष्ठ वाचक मात्र म्हणाले, ‘हा निवेदक खोटारडा आहे, एवढंही कळलं नाही?’ आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या लिहितात, ‘वहीतला शब्दन् शब्द मला पाठ होता, तरी गोष्ट निसटली. माझा शब्दसंग्रहच तोकडा आहे. वर्षभर नुसते शब्द वाढवावेत आणि मग कथांकडे यावं का? की इंग्रजी अनुवाद वाचावेत? की गटच सोडावा?’ सोबत त्यांनी कथेचं एक पान आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवला आहे.

नमस्कार,

शब्दन् शब्द पाठ होता, असं तुम्ही म्हणता आणि लगेच पुढे शब्दसंग्रह तोकडा असल्याचं जाहीर करता. ही दोन वाक्यं एकमेकांशी पटत नाहीत. शब्द येत होते, तर मग अडलं कशापाशी? तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एका प्रश्नावर अवलंबून आहेत, म्हणून आधी तुम्ही पाठवलेलं पानच समोर घेऊ.

वहीत तुम्ही ओसरी, फडताळ, कणगी, मोट, चावडी, माळ आणि मळा हे शब्द लिहिले आहेत. ज्या घरात माजघर नाही, शेतावर बैलांनी मोट ओढलेली पाहायला मिळण्याची शक्यता नाही, तिथे वाढलेल्या माणसाला हे शब्द अडणारच. ते नेटानं उतरवून घेतलेत, याचं मला मनापासून कौतुक आहे. आता त्याच पानावरची मास्तरांची वाक्यं पुन्हा वाचा : ‘माळाची जमीन मी धाकट्याला दिली. मळा माझ्याकडे राहिला. तो गेला तेव्हा त्याची बायको उंबऱ्यात क्षणभर थांबलीसुद्धा नाही.’

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द तुमच्या वहीत नाही. तो आहे ‘दिली’. वहीत नसणं साहजिकच आहे, कारण तो तीन वर्षांच्या मुलालाही येतो. पण जमीन वडिलोपार्जित आहे, हे कथेत आधीच आलेलं आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मतःच असतो. धाकट्याच्या वाट्याची जमीन थोरल्यानं ‘देण्याचा’ प्रश्न येतो कुठे? ती त्याच्या वाट्याला ‘येते’. मास्तर ‘दिली’ म्हणतात, म्हणजे ते स्वतःला दाता समजतात. आणि लगेच पुढचं वाक्य पाहा. ‘मळा माझ्याकडे राहिला.’ तो कोणी ठेवून घेतला? या वाक्यात कोणीच काही केलेलं नाही, मळा आपला आपणच राहून गेला आहे. देताना मास्तरांनी ‘मी’ ठासून सांगितला आणि ठेवून घेताना ‘मी’ वाक्यातून काढून टाकला. दोन साधी क्रियापदं आहेत, शब्दकोशात कोणीही शोधणार नाही अशी. मास्तरांचा सगळा स्वभाव आणि धाकट्याची सगळी तक्रार त्या दोन क्रियापदांत आहे.

आता नावं पाहा. मास्तर भावाला सगळीकडे ‘धाकटा’ म्हणतात आणि भावजयीला ‘त्याची बायको’. त्याचं नाव सदा आहे, हे आपल्याला फक्त आईच्या तोंडून कळतं. आई म्हणते, ‘विहीर तुझ्याकडं आली रे, सदानं पाणी कुठनं आणायचं?’ त्यावर मास्तरांची पुस्ती : ‘म्हातारपणी माणसाला काही कळत नाही.’

तुम्हाला जे विचारायला हवं होतं ते आईनं विचारलं आणि तिचा प्रश्न मास्तरांनी एका वाक्यात उडवून लावला. तुमचा मास्तरांवर इतका विश्वास बसला होता की त्यांच्यासोबत तुम्हीही तो उडवून लावलात. चूक असलीच तर ती एवढीच. सांगणारा माणूस गोष्टीच्या बाहेर उभा राहून सांगतो आहे, असं तुम्ही धरून चाललात. तो गोष्टीच्या आत आहे. त्याचंही त्यात काही अडकलेलं आहे, या कथेत तर अख्खी विहीर अडकलेली आहे.

पण म्हणून तुमची वही वाया गेली असं समजू नका, उलट एका ठिकाणी ती अपुरी पडली आहे. ‘माळ’पुढे तुम्ही ‘पडीक, खडकाळ जमीन’ लिहिलंय, ते बरोबर. ‘मळा’पुढे नुसतं ‘शेत’ लिहिलंय. मळा म्हणजे कुठलंही शेत नव्हे, मळा म्हणजे पाण्याखालची जमीन. विहिरीवर मोट चालते आणि तिच्या पाण्यावर भाजीपाला, ऊस, हळद असं बागायती पीक निघतं. माळावर पाऊस पडला तर चार पायली धान्य, नाही तर वैरणही नाही. हा फरक माहीत असलेल्याला ‘माळ मी त्याला दिला, मळा माझ्याकडे राहिला’ हे वाचताच टोचतं. तो माहीत नसलेल्याला ती न्याय्य वाटणी वाटते, एक तुकडा त्याला आणि एक मला. म्हणजे शब्दांचे अर्थ लागतातच. फक्त कुठला शब्द कितपत खोल जाऊन कळायला हवा, हे ठरवतो कोण बोलतो आहे आणि त्यात त्याचं काय आहे हा प्रश्न. कणगीचा नेमका आकार तुम्हाला माहीत नसला तरी या कथेचं काही बिघडत नाही. मळ्याचं पाणी मात्र माहीत हवं.

आता त्या ज्येष्ठ वाचकांच्या ‘खोटारडा’ या शब्दाबद्दल. मला तो घाईचा वाटतो. मास्तर खोटं बोलत असते तर आईचा प्रश्न त्यांनी आपल्यापर्यंत पोहोचूच दिला नसता. त्यांना तो गाळता आला असता. त्यांनी तो सांगितला, वर स्वतःच्या बचावाचं एक वाक्यही जोडलं. इतक्या वर्षांनीही तो प्रश्न त्यांच्या मनातून गेलेला नाही. ‘काही कमी केलं नाही’ हे ते आपल्याला पटवत नाहीयेत, स्वतःलाच पटवत आहेत. तुम्हाला आलेली दया अजिबात अस्थानी नव्हती. तुम्ही मास्तरांचं दुःख पाहिलंत आणि सदाचं नुकसान पाहिलं नाहीत. त्या गृहस्थांनी नुकसान पाहिलं आणि दुःख पाहिलं नाही. दोघांनी मिळून वाचली असती तर कथा पुरी झाली असती. गटात बसायचं ते यासाठीच.

निवेदकावर संशय घेणं हल्ली जरा फार सोपं झालंय, असं मला वाटतं. ‘मी’ दिसला की तो खोटा, असा काही नियम नाही. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ सालच्या संग्रहातल्या त्याच नावाच्या कथेत निवेदक नोकरीच्या गावी राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो. तो भोवतालच्या माणसांपासून लपवतो, वाचकापासून नाही. शीर्षकातच त्यानं आपल्याला सगळं सांगून टाकलं आहे. तिथे ‘हा खोटं बोलतो’ म्हणून त्याच्याकडे संशयानं पाहणारा वाचक भलत्याच बाजूला जाऊन उभा राहील. खोटं बोलायला लावणारे कोण, हे तिथे पाहायचं असतं. दोन्ही कथांत ‘मी’च बोलतो, पण एक ‘मी’ आपल्यापासून काही झाकू पाहतो आणि दुसरा फक्त आपल्यालाच सांगतो. त्यामुळे ‘निवेदक विश्वासार्ह आहे का?’ या प्रश्नाच्या आधी मी दुसरा प्रश्न ठेवीन : हा माणूस कोणाला सांगतो आहे, आणि त्याला सांगावंसं का वाटलं?

एक गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिली आहे, पण ती महत्त्वाची आहे. चर्चेनंतर तुम्हाला लेखकाचाच राग आला, ‘स्वतः असं वागून वर लिहितात’. कथेतला ‘मी’ आणि मुखपृष्ठावरचं नाव ही एकच व्यक्ती, असं कितीतरी वाचक धरून चालतात, चांगले वाचकसुद्धा. मराठीत हे वेगळेपण फार जुनं आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः लिहिली. तिच्यात ‘मी’ म्हणून बोलते ती यमू, त्या काळातली एक बाई. लिहिणारे हरिभाऊ. तुमच्या कथेतल्या मास्तरांच्या तोंडी ‘दिली’ हा शब्द लेखकानं जाणूनबुजून घातला आहे आणि आईचा प्रश्नही त्यानंच मधे ठेवला आहे. म्हणजे लेखक सदाच्या बाजूलाही बसलेला आहे. त्याच्यावर राग धरू नका.

‘मी’ नसलेल्या कथांत हे ओळखणं अवघड जातं, कारण तिथे सांगणारा दिसत नाही. पण मराठी भाषा त्याला फार काळ लपू देत नाही. ‘रात्री उशिरा तो घरी आला’ आणि ‘रात्री उशिरा तो घरी गेला’ ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात सांगणारा घरात वाट पाहत बसला आहे, दुसऱ्यात तो बाहेर कुठेतरी आहे. ‘अण्णा आले’ आणि ‘अण्णा आला’ यांत सांगणाऱ्याचं वय, जात, हुद्दा, राग, जवळीक यांपैकी काही ना काही उघड होतं. सबंध कथा तृतीयपुरुषी असून तिच्यातल्या बाईला निवेदनात ‘आई’ म्हटलेलं असेल, तर आपण मुलाच्या डोळ्यांनी पाहतो आहोत. तिलाच ‘सुमतीबाई’ म्हटलं की आपण शेजारच्या ओट्यावर येतो.

आणि ‘रागावला’, ‘रागावला असावा’, ‘रागावला म्हणे’ यांत केवढं अंतर आहे! पहिल्यात सांगणाऱ्याला मनातलं कळतं. दुसऱ्यात तो चेहऱ्यावरून ताडतो आहे. तिसऱ्यात तो तिथे नव्हताच, गावातून ऐकून आला आहे. ‘म्हणे’ हा दोन अक्षरांचा शब्द कथेत दिसला की पेन्सिलीनं गोल करत जा.

काळाचे शब्दही असेच दगा देतात, चांगल्या अर्थानं. ‘ती खिडकीशी उभी होती. उद्या फी भरायची होती. पैसे कुठून आणायचे?’ उभी होती भूतकाळात, मग ‘उद्या’ कुणाचा? तिचा. आणि प्रश्न कुणी विचारला? तिनंच, मनातल्या मनात. ना अवतरणचिन्ह, ना ‘ती मनाशी म्हणाली’. सांगणाऱ्याच्या वाक्यात पात्राचा आवाज हळूच शिरला. हे वाचताना कानाला जाणवायला लागलं की कथा वाचण्यातली गोडी कितीतरी वाढते.

ग्रामीण कथांत आणखी एक खूण असते आणि तुम्ही सध्या त्याच कथा वाचता आहात म्हणून ती सांगते. निवेदन कुठल्या भाषेत आहे आणि संवाद कुठल्या? व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये (१९४९) माणसं आपल्या बोलीत बोलतात आणि सांगणारा ‘मी’ शिकलेल्या माणसाच्या प्रमाण मराठीत सांगतो. तो त्याच गावचा, पण आता थोडा लांब गेलेला. हे लांब जाणं त्यानं कुठेही सांगितलं नसलं तरी दोन भाषांमधल्या फटीतून ते सतत दिसत राहतं. तुमच्या मास्तरांचंही तेच. आई ‘कुठनं’ म्हणते, मास्तर ‘थांबलीसुद्धा’ असं व्याकरणशुद्ध बोलतात. ते शिकले, नोकरीला लागले, पगार सुरू झाला आणि वर मळाही त्यांच्याकडे. सदा त्या पानावर एकदाही बोलत नाही. त्याचा एकही शब्द मास्तरांनी आपल्याला ऐकू दिलेला नाही. न बोलणाऱ्या पात्रावर वाचताना खूण करायला हवी, ही खूण कुठल्याही शब्दकोशात मिळणार नाही.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते.

वर्षभर नुसते शब्द वाढवू नका. कथेबाहेर पाठ केलेला शब्द कुणाच्याच तोंडचा नसतो आणि तो टिकतही नाही. तुम्ही थकाल, आणि वर्षानंतर कथेकडे याल तेव्हा ‘दिली’ हा शब्द तसाच नजरेतून निसटेल.

अनुवाद जरूर वाचा, पण मूळ कथेऐवजी नको. ‘तो’ आणि ‘ते’, ‘आला’ आणि ‘आले’ हा फरक इंग्रजीत जवळजवळ पुसला जातो आणि तुम्हाला जे शिकायचं आहे ते नेमकं तिथेच आहे. एखादी कथा फारच अडली तर आधी अनुवादातून घटनाक्रम समजून घ्या आणि मग मूळ वाचा. यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही.

त्याहून चांगला आधार म्हणजे ऐकणं. आपल्याकडे कथाकथनाची मोठी परंपरा आहे. माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी गावोगाव स्वतःच्या कथा सांगितल्या आणि लोक त्या ऐकायला गर्दी करत. बोलीतला जो शब्द कागदावर अनोळखी दिसतो तो कानावर पडला की पुष्कळदा ओळखीचा निघतो, आजीच्या तोंडचा नाही तर भाजीवाल्या मावशींच्या तोंडचा. घरात मराठी बोलली जाते, असं तुम्ही लिहिलंय. ही तुमची शिदोरी आहे आणि तुम्ही ती जमेस धरलेली नाही. एखादं पान मोठ्यानं वाचून आईला ऐकवा. ‘हे कोण बोलतंय असं वाटतं?’ एवढंच विचारा, अर्थ विचारू नका.

गट सोडू नका. ‘एवढंही कळलं नाही?’ हे वाक्य कुणी कुणाला वाचनगटात म्हणू नये आणि तुम्हाला ते लागलं, हे योग्यच आहे. पण पुढच्या वेळी कुणी असा निकाल दिला तर शांतपणे विचारा, ‘कुठल्या ओळीवरून?’ ज्याला खरंच दिसलंय तो आनंदानं ओळ दाखवेल, सगळ्यांचा फायदा होईल. ज्यानं समीक्षेत वाचून म्हटलंय त्याला पुस्तक उघडावं लागेल, तोही फायदाच. आणि हा प्रश्न स्वतःलाही विचारा. मास्तरांची दया आली ती कुठल्या ओळीवर? मला वाटतं ती ओळ सापडेल आणि ती भक्कम असेल.

वही चालू ठेवा, फक्त तिच्यात एक रकाना वाढवा. शब्द, अर्थ, आणि तिसरा रकाना ‘कोणाच्या तोंडी’. पहिल्या वाचनात शब्दकोश उघडूच नका, पेन्सिलीनं रेघ मारून पुढे जा. गोष्ट एकदा संपू द्या. मग परत येऊन पाहा, यांतले कुठले शब्द वस्तूंचे आहेत आणि कुठले माणसांना लावलेले. वस्तूंच्या शब्दांशी घाई नाही. माणसांना लावलेल्या शब्दांशी थांबा, मग ते कितीही सोपे असोत. नवऱ्यापासून वेगळी राहणारी एक बाई एका कथेत ‘टाकलेली’ असते, दुसरीत ‘माहेरी राहते’, तिसरीत ‘घर सोडून आलेली’ असते. घटना एकच असेल, पण प्रत्येक शब्दामागे बोलणारा वेगळा उभा आहे. निवेदनात ‘टाकलेली’ आलं तर विचारा, हे निवेदकाचं मत आहे की गाव म्हणतं ते तो म्हणतो आहे? हा प्रश्न शाळेत मराठी शिकवणाऱ्यांनी मुलांना विचारला तर किती बरं होईल. ‘कठीण शब्दांचे अर्थ’ फळ्यावर लिहून देण्यात तास जातो आणि सोप्या शब्दांकडे कुणीच पाहत नाही.

आणि एक करून पाहा. या कथेतला वाटणीचा परिच्छेद सदाच्या तोंडून लिहा, चार-पाच वाक्यांत. मी सुरुवात करून देते : ‘वाटणी झाली. मळा आणि विहीर दादानं ठेवली. माळ माझ्या वाट्याला आला.’ पाहा, जमिनी त्याच आहेत, क्रियापदं बदलली. थोरला आता ‘दादा’ झाला. पुढचं वाक्य लिहिताना, सदा आपल्या बायकोला काय म्हणेल, आईच्या प्रश्नाचं त्याला काय वाटलं असेल, हे तुम्हाला ठरवावं लागेल आणि त्यासाठी परत मूळ पानाकडे जावं लागेल. दृष्टिकोन म्हणजे काय, हे व्याख्या वाचून जेवढं कळतं त्याहून जास्त या चार वाक्यांत कळेल.

शब्दकोशाबद्दलही विचारलं आहेत. तुम्ही फोनवर पाहता त्या यादीत एका शब्दाला एक अर्थ मिळतो, म्हणून ‘मळा’पुढे ‘शेत’ आलं. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, त्यामुळे जुन्या घरातले आणि शेतीतले शब्द त्यात भरपूर सापडतात, आणि तुम्हाला इंग्रजीतून अर्थ पाहणं सोयीचंही पडेल. वाक्प्रचार अडले तर दाते-कर्वे यांचाच ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ वाचनालयात मागा.

पण मळ्यासाठी मी कोश उघडायच्या आधी फोन उचलीन. तुमचं आजोळ मिरजेजवळ आहे आणि मामा अजून शेती करतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना विचारा, भावाभावांत जमीन वाटली आणि विहीर एकच असली तर पाण्याची पाळी कशी लावतात, आणि विहीर ज्याच्या बांधात जात नाही त्याचं काय होतं. ते जे सांगतील ते ऐकून झालं की मास्तरांचं ते पान पुन्हा काढा आणि पुढच्या बैठकीला सोबत घेऊन जा.